मेमरीलाच गणित करू द्या

(फोंड्यात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसातून आलात, खूप बरं वाटलं. माझं काम मेमरीचं, म्हणजे डेटा ज्यात साठतो ते डिव्हाइस लॅबमध्ये बनवायचं, मोजायचं, आणि बिघडलं की का बिघडलं ते शोधत बसायचं.

आपले जवळपास सगळे कंप्युटर अजून 1945 साली जॉन फॉन नॉयमन यांच्या रिपोर्टात आलेल्या रचनेवरच चालतात. प्रोसेसर एकीकडे, मेमरी दुसरीकडे, आकडे आणायचे, गणित करायचं, उत्तर परत नेऊन ठेवायचं. रायबंदरच्या धक्क्यावर तुमची गाडी कितीही फास्ट असू दे, चोडणला पोचणार ती फेरीबोटीच्याच वेगाने, तसंच हे. आणि नुसता वेळ जात नाही, वीज पण जाते. मार्क होरोविट्झ यांनी 2014 मध्ये 45 नॅनोमीटर चिपचे आकडे मांडले होते, 32 बिटच्या एका फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश आकड्यांच्या, गुणाकाराला साधारण 3.7 पिकोज्यूल (ऊर्जेचं अगदी छोटं माप), आणि तेवढाच डेटा डीरॅममधून, म्हणजे कंप्युटरच्या मुख्य मेमरीतून, वाचायला 640. एआयमध्ये असे गुणाकार कोट्यवधी असतात, तेव्हा बिल कुठे जातं बघा.

आता मेंदू. सुमारे 86 अब्ज न्यूरॉन आणि खर्च साधारण 20 वॅट. तिथे साठवणं वेगळं, विचार करणं वेगळं असं नाहीच, दोन न्यूरॉनमधला जोड म्हणजे सिनॅप्स, तो किती घट्ट आहे तीच आठवण आणि तेच गणित. 1980 च्या दशकात कार्व्हर मीड यांनी अशी सर्किट्स सिलिकॉनवर बनवायला घेतली, न्यूरोमॉर्फिक, म्हणजे मेंदूसारखं, हे नाव तिथून आलं.

आमचं डिव्हाइस म्हणजे मेमरिस्टर, आधी किती करंट गेला ते लक्षात ठेवणारा रेझिस्टर. लिऑन चुआ यांनी 1971 मध्ये ते कागदावर मांडलं, एचपी लॅब्सने 2008 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या डिव्हाइसमध्ये ते सापडल्याचं जाहीर केलं. ते खरंच चुआंचंच का यावर वाद आहे, पण मला त्यापेक्षा डिव्हाइस चालतं कसं ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

दोन धातूंच्या मध्ये हाफ्नियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. मायक्रोस्कोपखाली टंगस्टनची सुई हळूच पॅडवर टेकवायची आणि व्होल्टेज वाढवत न्यायचं, सुरुवातीला करंट जवळजवळ नाहीच, मग एकदम उडी मारतो, कारण ऑक्सिजनचे आयन जागा सोडून गेले आणि रिकाम्या जागांची एक बारीक वाट तयार झाली. उलटं व्होल्टेज दिलं की वाट तुटते. स्क्रीनवर शून्यापाशी चिमटलेला, आडव्या आठसारखा ग्राफ उमटतो आणि तो बघताना मला अजूनही तितकाच आनंद होतो. वीज बंद केली तरी रेझिस्टन्स तसाच राहतो.

अशी डिव्हाइस आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत बसवली की ओहमच्या नियमाने व्होल्टेज आणि कंडक्टन्सचा (करंट किती सहज जातो त्याचा) गुणाकार होतो, किर्चहॉफच्या नियमाने एका तारेत सगळ्या करंटची बेरीज होते. म्हणजे अकरावी-बारावीच्या फिजिक्सवर न्यूरल नेटवर्कचं मुख्य गणित जागच्या जागीच होतं, वेट्स, म्हणजे नेटवर्कने शिकलेले आकडे, कंडक्टन्स म्हणून तिथेच असतात, कुठे न्यायची गरजच नाही.

अडचण ही की ती वाट दरवेळी थोडी वेगळी बनते. एकाच वेफरवरची (सिलिकॉनच्या चकतीवरची) शेजारशेजारची दोन डिव्हाइस सारखी वागत नाहीत, आजचं आणि उद्याचं तेच डिव्हाइसही नाही. ऑक्साइडमध्ये ओल शिरली तर स्विचिंग बदलतं, म्हणून गोव्यात जून ते सप्टेंबर लॅबमधली आर्द्रता सांभाळणं हे साधं हाउसकीपिंग नाही, प्रयोगाचाच भाग आहे, आणि मोजमाप लिहिताना आर्द्रतेचा आकडा लिहिलाच पाहिजे हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. काही जण वाटेचा नादच सोडतात. बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये रेणूंच्या फिल्ममध्ये कंडक्टन्सच्या 16,520 वेगवेगळ्या पातळ्या दाखवल्या. आपल्या देशात झालेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

मागे बसलेल्या बायने विचारलं, मोबाईलमध्ये कधी येणार? नुसतं शून्य आणि एक साठवायला अशी मेमरी आलीच आहे, पॅनासॉनिकने 2013 मध्येच ती मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या छोट्या चिपमध्ये, घातली. गणित करणारी जाळी मात्र अवघड, कारण तारेतला करंट शेवटी आकड्यात बदलायला लागतो, ते काम करणारा कन्व्हर्टरच इतकी जागा आणि वीज खातो की वाचवलेलं बरंचसं तिथे जातं. म्हणून कमी बिटचा कन्व्हर्टर लावून नेटवर्कचं उत्तर किती बिघडतं, हेच सध्या आम्ही तपासतोय.