काटा शून्यावर आहे, तरी हात लावू नका

श्रोतेहो, नमस्कार.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघून गेली, राजवाड्यासमोरचा रंग धुऊन निघाला, की आपल्या इंदुरात घरोघरी एकच काम सुरू होतं. गॅलरीत वर्षभर झाकून ठेवलेला कूलर उघडायचा, वाळलेली खस काढून टाकायची, टाकी घासायची, पंपात बसलेला गाळ काढायचा आणि प्लग लावून बघायचा. पंखा फिरला तर उत्तम. नाही फिरला, की घरातलं कुणीतरी कपाटाच्या वरच्या खणातून काट्याचं मीटर बाहेर काढतं. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठेही जा. कुणाचे आजोबा कापडमिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होते, कुणाच्या काकांनी आयटीआय केलेलं असतं, तेव्हा हे मीटर घरात असतंच. आणि ते वापरायला येतं असं सगळ्यांनाच वाटत असतं.

आज त्याच मीटरबद्दल बोलायचं आहे. ॲनालॉग मल्टीमीटर, म्हणजे काटा आणि डायल असलेलं. माझी नोकरी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे या काट्यावर माझा जीव आहे. पण मुलांच्या हातात मीटर देताना मला भीती वाटायची ती काटा जोरात हलण्याची नव्हे. काटा सटकन उजवीकडे गेला, की माणूस आपणहून हात मागे घेतो. भीती वाटायची काटा न हलण्याची. कारण काटा शून्यावर दिसला, की माणूस निर्धास्त होतो आणि तारेला हात घालतो.

प्रयोगशाळेत हे दरवर्षी व्हायचं. मुलगा सॉकेटमध्ये प्रोब, म्हणजे मीटरच्या तारांची धातूची टोकं, लावतो, काटा ढिम्म. “सर, लाईट नाहीये,” म्हणतो आणि स्क्रू सोडवायला बोटं पुढे करतो. मी नॉबकडे बोट दाखवायचो. नॉब असायचा डीसी व्होल्टवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या मापावर. आपल्या घरात येते ती एसी वीज, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. मीटरमधलं फिरतं वेटोळं डीसीच्या रेंजवर त्या प्रवाहाची सरासरी दाखवतं, आणि तितकंच पुढे, तितकंच मागे जाणाऱ्या प्रवाहाची सरासरी शून्य. काट्याला तेवढ्या वेगानं हलताच येत नाही. फार तर जागच्या जागी थरथरेल, तेही निरखून पाहिलं तर. समोर २३० व्होल्ट आहेत आणि मीटर सांगतंय काही नाही. मीटर बिघडलेलं नाही. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

म्हणून जुने वायरमन एक पद्धत पाळतात. ज्या पॉइंटवर वीज आहे याची खात्री आहे, म्हणजे जिथे आत्ता दिवा किंवा पंखा चालू आहे, तिथे आधी मीटर लावून बघायचं. काटा २३० च्या आसपास गेला, की नॉबला हात न लावता ज्या जागेवर काम करायचं आहे तिथे मोजायचं. तिथे शून्य आलं, तरी लगेच पक्कड उचलायची नाही. पुन्हा त्या पहिल्या चालू पॉइंटवर जाऊन बघायचं, की मीटर अजून दाखवतंय ना. मधल्या मिनिटभरात लीड, म्हणजे प्रोबची वायर, तुटू शकते, फ्यूज उडू शकतो. तिन्ही वेळेला उत्तर बरोबर आलं, तर ते शून्य खरं. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. भर उन्हात त्यातला निऑन पेटला की नाही हे दिसत नाही.

लीडचा विषय निघालाच आहे. महाराणी रोडवर मीटर घ्यायला गेलेली मंडळी डायल केवढी आहे, रंग कोणता आहे हे बघतात आणि भाव करतात. भाव जरूर करा, पण त्याआधी लीड हातात घ्या. प्रोबच्या मुठीत वायर शिरते तिथे आणि दुसऱ्या टोकाला, मीटरमध्ये खोचायच्या पिनेपाशी, वायर बोटांत धरून वाकवून बघा. ती आतून तुटते ती बहुतेक याच दोन जागी, आणि वरचं प्लास्टिक शाबूत असल्यामुळे तुटलेली दिसत नाही. तपासायचं असेल तर नॉब ओहमच्या, म्हणजे रोध मोजायच्या, ×१ रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना टेकवा आणि वायर हलवा. काटा उजव्या टोकाला, म्हणजे ओहमच्या शून्यावर, स्थिर राहिला पाहिजे. हलवताना तो मागे पडत असेल तर लीड बदला. प्लास्टिकला चीर पडून तांबं दिसत असेल, तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. लीडची जोडी स्वस्तात मिळते.

शून्याची आणखी एक तऱ्हा आहे आणि ती जुन्या वाड्यांतून हमखास भेटते. कुणीतरी केव्हातरी वायरिंग करताना स्विच वीज आणणाऱ्या फेजऐवजी परतीच्या न्यूट्रलमध्ये टाकलेला असतो. स्विच बंद केला, की पंखा थांबतो, म्हणजे सगळं ठीक दिसतं. तुम्ही पंख्याच्या दोन टोकांना प्रोब लावता, शून्य येतं. पण फेज तर तोडलेलीच नाही. ती पंख्याच्या वाइंडिंगमधून पार होऊन दुसऱ्या टोकापर्यंत आलेली असते. दोन्ही टोकं सारख्याच दाबावर, म्हणून त्यांच्यात फरक शून्य. मीटर दोन जागांमधला फरक सांगतं, एका जागी काय आहे ते सांगत नाही. म्हणून तारा दोन असल्या, तरी मापं तीन घ्या: दोन टोकांमधलं, आणि मग प्रत्येक टोक व अर्थिंग यांच्यातलं. आणि काम करायचं झालं, तर स्विचवर भरवसा न ठेवता मेन बंद करा.

आता रेंज. किती व्होल्ट असतील याचा अंदाज नसेल, तर सगळ्यात मोठ्या रेंजपासून सुरुवात करायची, हे सगळ्यांना पाठ असतं. घरात २३० असतात, मग २५० ची रेंज का नको, असं विचारणारेही भेटतात. तर, पुरवठ्याचा न्यूट्रल कुठे तुटला, की एका फेजच्या घरात २३० च्या जागी ३०० किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट येऊ शकतात. फ्रिज, टीव्ही जळतात ते अशाच वेळी. म्हणून आधी १००० वर बघा. पण तिथेच थांबू नका, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. काट्याच्या साध्या मीटरची अचूकता पूर्ण रेंजच्या टक्क्यांत दिलेली असते, एसीला साधारण ४ टक्के. म्हणजे १००० च्या रेंजवर ४० व्होल्ट इकडेतिकडे झाले, तरी मीटर आपल्या शब्दाला जागलं असंच म्हणायचं. तिथे २३० दिसले, तर खरे १९० असू शकतात, २७० सुद्धा. २५० च्या रेंजवर हीच चूक १० व्होल्टवर येते. काटा डायलच्या उजव्या भागात असला, की माप भरवशाचं. रेंज बदलताना मात्र प्रोब काढून घ्या, नॉब फिरवा आणि मग परत लावा.

डायलवर आरशाची पट्टी असेल तर एक डोळा मिटा आणि काट्याचं प्रतिबिंब काट्यामागे लपेल असं डोकं ठेवा. एवढं केलंत, की तिरकं बघण्याची चूक गेली.

ओहम आणि मिलीअँपिअर या दोन बाजूंना नॉब असताना मीटर चालू सॉकेटला लावणं, यासारखा दुसरा घात नाही. ओहमच्या ×१ रेंजवर नेहमीच्या मीटरच्या आतला रोध जेमतेम वीस ओहमच्या घरात असतो. तिथे २३० व्होल्ट लावले, तर दहा अँपिअरहून जास्त प्रवाह त्या नाजूक वायरिंगमधून धावू लागतो. मिलीअँपिअरच्या मोठ्या रेंजवर तर रोध त्याहून कमी. फ्यूज असेल तर तो उडतो, नसेल तर आतले रेझिस्टर फुटतात, आणि प्रोबच्या टोकाशी ठिणगी उडते ती तुमच्या बोटांजवळ. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा नवा घाला. वायरचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालून मीटर ‘चालू’ करणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि लक्षात ठेवा, या मीटरमध्ये एसी प्रवाह मोजायची सोय बहुधा नसतेच. कूलर किती अँपिअर घेतो हे बघायचं असेल, तर क्लॅम्प मीटरवाल्याला बोलवा.

प्रत्यक्ष मोजताना पाय कोरडे हवेत आणि रबरी चप्पल हवी. हातातली अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. काळी लीड आधी न्यूट्रलला लावायची, शक्य असेल तर क्रोकोडाइल क्लिपनं, म्हणजे एक हात मोकळा होतो. तो मोकळा हात पाठीमागे ठेवायचा. एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून जाणारा प्रवाह छातीतून जातो, म्हणून. लाल प्रोब नंतर लावायची आणि काढताना आधी काढायची. बोटं प्रोबवरच्या कड्याच्या मागे. तीन पिनांच्या सॉकेटला समोरून पाहिलं, तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असायला हवं. ते तसंच असेल याची खात्री मीटरनेच करायची. भोकांवर शटर असेल, तर ते स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

आता पुन्हा कूलरकडे वळू, कारण लोखंडी बॉडी, पाणी आणि ओली फरशी या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. कूलरची तपासणी वीज न लावताही करता येते आणि मला तीच आवडते. प्लग सॉकेटमधून पूर्ण काढून घ्या. मीटर ओहमच्या ×१ रेंजवर घ्या, टोकं टेकवून ओहमच्या शून्याचा छोटा नॉब फिरवून काटा शून्यावर आणा. आता एक प्रोब प्लगच्या वरच्या जाड पिनेवर आणि दुसरी बॉडीच्या एखाद्या उघड्या नटावर ठेवा. रंगावर ठेवून काही कळणार नाही. काटा शून्यापाशी गेला पाहिजे. नाही गेला, तर अर्थिंगची तार मधेच तुटली आहे किंवा कुणी ती जोडलेलीच नाही. आपल्याकडे दोन तारांच्या केबलला तीन पिनांचा प्लग लावलेले कूलर काही कमी नाहीत.

मग रेंज ×१०के वर न्या, टोकं टेकवून काटा पुन्हा शून्यावर आणा. कूलरचे स्विच चालू स्थितीत ठेवा, प्लग अर्थातच बाहेर. एक प्रोब जाड पिनेवर, दुसरी आधी एका बारीक पिनेवर आणि नंतर दुसऱ्या. काटा डाव्या टोकाला, अनंतावर, जागचा हलता कामा नये. किंचित जरी उजवीकडे सरकला, तर ओल किंवा वाइंडिंगची गळती आहे. पण प्रोबच्या धातूच्या टोकांना बोटं लावू नका, नाहीतर मीटर तुमच्या अंगाचाच रोध दाखवेल आणि चांगला पंप फेकून द्याल. आणि काटा हलला नाही म्हणजे इन्सुलेशन उत्तम, असंही नाही. या रेंजवर मीटर आतल्या सेलच्या दहा-बारा व्होल्टवर तपासतं. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं खास मीटर, हेच काम ५०० व्होल्टवर करतो. जी गळती कमी दाबाला दबून राहते, ती २३० ला डोकं वर काढू शकते. म्हणजे काटा हलला तर कूलर नक्की खराब, नाही हलला तर बहुधा ठीक.

सॉकेटच्या अर्थिंगचंही तसंच. फेज आणि अर्थिंग यांच्यात मीटर २३० दाखवतं, म्हणून अर्थिंग चांगलं असं समजू नका. २५० च्या एसी रेंजवर नेहमीच्या मीटरचा रोध वीस लाख ओहमहून जास्त असतो, त्यातून मिलीअँपिअरचा दहावा हिस्सा जेमतेम वाहतो. इतका प्रवाह गंजलेल्या, सुकलेल्या अर्थिंगमधूनही सहज जातो. संकटाच्या वेळी मात्र त्यातून कितीतरी अँपिअर जायला हवेत. फेज-अर्थिंग माप फेज-न्यूट्रलपेक्षा बरंच कमी आलं, तर अर्थिंग धड नाही हे पक्कं. बरोबर आलं, तर फक्त तार जोडलेली आहे इतकंच. खड्ड्यातल्या अर्थिंगची परीक्षा अर्थ टेस्टरवाल्याकडून करून घ्या आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. तो कूलरपेक्षा स्वस्त आहे.

कूलरच्या मोटरला कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहिलेली असू शकते, तेव्हा तो मोजण्याआधी एखाद्या जुन्या, फिलामेंटच्या बल्बमधून रिकामा करून घ्या. मग त्याची एक तार सोडवून ×१०के वर प्रोब लावा. काटा उसळी घेऊन सावकाश परत डावीकडे आला, तर कपॅसिटर जिवंत. उसळला आणि वरच राहिला, तर शॉर्ट. हललाच नाही, तर आतून तुटलेला. डिजिटल मीटरवर इथे नुसते आकडे पळताना दिसतात. काट्याची ही उसळी पाहण्यासाठीच मी अजून हे मीटर ठेवलं आहे.

डोनाल्ड मॅकेडी हा ब्रिटिश पोस्ट खात्यातला अभियंता. वेगवेगळी मीटरं सोबत वागवायला कंटाळून त्यानं अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत आणले. ती पेटी १९२३ मध्ये ॲव्होमीटर नावानं बाजारात आली. आपल्या कपाटातलं मीटर तिच्याच वंशातलं. मात्र बाजारातल्या स्वस्त मीटरवर सुरक्षेचा कॅट दर्जा, म्हणजे मीटर कुठल्या जागी वापरणं सुरक्षित ते सांगणारी खूण, बहुतेक वेळा छापलेलाच नसतो. असं मीटर घेऊन मीटरपेटी किंवा खांबावरच्या डीपीशी जाऊ नका. तिथे शॉर्ट झालं तर हजारो अँपिअरचा लोळ उठतो. ते काम वीज कंपनीच्या माणसाचं.

काम संपलं, की नॉब ऑफवर ठेवा, ऑफ नसेल तर एसी १००० वर, म्हणजे पुढच्या वेळी घाईत उचललं तरी नुकसान होणार नाही. टोकं टेकवून, छोटा नॉब पूर्ण फिरवूनही काटा ओहमच्या शून्यापर्यंत पोहोचत नसेल, तर सेल उतरले आहेत. व्होल्ट मोजायला सेल लागत नाहीत, म्हणून ते माप तोवर बरोबरच येत राहील. आणि कूलर पुन्हा झाकून ठेवाल, तेव्हा मीटरचे सेलही काढून ठेवा. पावसाळ्यात ते पाझरतात आणि आतल्या पितळी पट्ट्या खाऊन टाकतात.

नमस्कार.