हातात किती येणार? पुण्यातल्या पगाराची गोष्ट

[दृश्य : चाकण, तळेगाव चौक. सकाळची शिफ्ट. कंपन्यांच्या बसची रांग.]

सकाळी सहाच्या आधी चाकणच्या तळेगाव चौकात या. परभणीची मराठी, वाशिमची मराठी, जळगावकडची अहिराणी आणि त्यात मिसळलेली बिहारची हिंदी, सगळं एकाच वेळी कानावर पडतं. पाठीला सॅक, गळ्यात आयकार्ड. एक टोळकं रात्रपाळी करून उतरतंय, दुसरं बसमध्ये चढतंय.

काम शोधायला पुण्याला जायचं, हे मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या घरांत आता वेगळं ठरवावंही लागत नाही. बारावी झाली, आयटीआय झालं, डिप्लोमा झाला, की बॅग भरायची. आणि पुण्यात काम मिळतं, हे खरंच आहे. आठवड्याभरात मिळतं. प्रश्न पुढचा आहे : त्या कामावर माणसाला नीट जगता येतं का?

[दृश्य : पिंपरी-चिंचवडची जुनी छायाचित्रं.]

हे शहर कामगारांनी मोठं केलं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आली, आकुर्डीत बजाज आली. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघालं. कामगारांना परवडेल असं घर मिळावं, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांच्या पाट्या वाचत फिरा. त्यातली कितीतरी घरं कंपनीत परमनंट झालेल्या माणसांनी बांधली आहेत. एका पगारात घर झालं, मुलांची शिक्षणं झाली.

पुढे हिंजवडीत आयटी पार्क आलं. २००९ च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांवरून सतरा लाखांच्या पुढे गेली. कारखाने वाढले, माणसं वाढली, पण परमनंट नोकरी आटत गेली. आज चाकणच्या गेटवर उभ्या असलेल्या पोराच्या गळ्यातलं कार्ड बघा. वर मोठ्या कंपनीचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात ठेकेदाराचं.

त्या बारीक अक्षरावरच सगळं ठरतं.

[दृश्य : खराबवाडीतली भाड्याची खोली. भिंतीला टांगलेले युनिफॉर्म.]

पोरं एकमेकांना पहिला प्रश्न हाच विचारतात : "कंपनी रोल का कॉन्ट्रॅक्ट, भावा?" मशीन तेच, लाइन तीच, शेजारी उभा असलेला परमनंट माणूसही तेच काम करतो. पगारात मात्र दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो.

आणि सात महिन्यांनी मिळणारा ब्रेक. हा कुठून आला, ते नीट समजून घ्यायला हवं. नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली महाराष्ट्राने जे नमुना आदेश केले, त्यांत अशी तरतूद होती की बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करावं. कायदा कामगाराच्या बाजूने होता. पण त्यातून पद्धत कोणती रुजली? २४० दिवस भरायच्या आतच माणसाला घरी पाठवायचं. सात महिने झाले की "ब्रेक". मग नवा ठेकेदार, नवं कार्ड, आणि अनुभव पुन्हा शून्यावर. दहा वर्षं चाकणमध्ये काम केलेली माणसं आहेत, ज्यांच्याकडे सलग एका वर्षाचं अनुभवपत्र नाही. त्यांच्या हातातलं कसब दहा वर्षांचं आहे. कागद ते मानत नाही.

ट्रेनी आणि अप्रेंटिस यांची गोष्ट वेगळी. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार धरलाच जात नाही. त्याला पगार नाही, स्टायपेंड मिळतो. पीएफ, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, नाही. चांगल्या कंपनीत, खरोखर शिकवणाऱ्या माणसाच्या हाताखाली वर्ष काढलं, तर हा सौदा वाईट नाही, हातात प्रमाणपत्र येतं. पण वर्षभर नुसत्या ट्रॉल्या ढकलायला लावल्या, तर ते शिक्षण नव्हे. २०१३ साली आलेल्या 'नीम' योजनेत हेच फार झालं. शिकाऊ म्हणून घेतलेली पोरं थेट उत्पादनावर उभी केली जात होती. ती योजना पुढे मागे घेण्यात आली.

[दृश्य : मोबाइलवर नोकरीच्या जाहिराती. 'डायरेक्ट जॉइनिंग', 'राहण्याची सोय'.]

आता पगार. जाहिरातीतला आकडा आणि हातात येणारा आकडा यांत अंतर असतं. समजा एकूण पगार १८,००० आहे आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,०००. पीएफचे बारा टक्के म्हणजे १,५६० रुपये. ईएसआय, म्हणजे आजारपणाच्या विम्याची वर्गणी, पाऊण टक्का, १३५ रुपये. व्यवसाय कर २००. उरले १६,१०५. त्यातून कँटीन आणि बसचे पैसे जातात ते वेगळेच. आणि जाहिरातीतले अठरा हजार 'सीटीसी', म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, असतील, तर कंपनीने भरायचा पीएफही त्यातच धरलेला असतो. मग हातात आणखी कमी.

पीएफ कापला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तो तुमचाच पैसा आहे आणि तेवढाच मालकालाही भरावा लागतो. वाईट तेव्हा वाटायला हवं, जेव्हा कपात होते पण खात्यात जमा होत नाही. यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर, पहिल्याच महिन्यात मागून घ्या आणि पासबुक दर महिन्याला बघा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचते ती बारा तासांची ड्युटी. "बावीस हजार पगार, बारा तास, सव्वीस दिवस." गावाकडच्या पोराला हा आकडा मोठा वाटतो. आपण हिशोब करू. ओव्हरटाइमला दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात होतं आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रमसंहितेतही आहे. आठ तासांवर चार तास जास्त, आणि त्या चार तासांचे पैसे आठ तासांचे. म्हणजे बारा तास राबणाऱ्याला आठ तासांच्या पगाराच्या बरोबर दुप्पट मिळायला हवं. उलटं वाचा : बारा तासांचे बावीस हजार, म्हणजे आठ तासांचे फक्त अकरा हजार. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं. शिवाय तीन महिन्यांत किती ओव्हरटाइम घेता येतो, यालाही कायद्याने मर्यादा आहे. ती रोजच्या चार तासांना पुरत नाही.

[दृश्य : कन्सल्टन्सीच्या पाट्या.]

रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, मेडिकलचे पैसे. नोकरी देण्याआधी पैसे मागणाऱ्या दारातून सरळ परत फिरा. ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घेत असेल, तर तिथेही थांबू नका.

[दृश्य : हिंजवडी, संध्याकाळ. वाहतूक कोंडी.]

इंजिनिअर झालेल्यांचं तरी बरं असेल, असं घरी वाटतं. २०१० च्या सुमारास मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्याला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास मिळायचे. आज कितीतरी ठिकाणी साडेतीनच्या आसपास मिळतात. मधल्या काळात वाकड आणि मारुंजीचं भाडं कुठल्या कुठे गेलं. २०२५ च्या जानेवारीत हिंजवडीतल्या एका वॉक-इन मुलाखतीचा व्हिडिओ देशभर फिरला. हातात फाइल घेतलेल्या मुलामुलींची लांबच लांब रांग होती. त्या रांगेतल्या बहुतेकांच्या मागे शैक्षणिक कर्ज असणार. त्यांना कमी लेखणारे शेरे मी वाचले आणि राग आला. रांगेत उभं राहणं हा त्या मुलांचा दोष नाही.

[दृश्य : भोसरीतलं छोटं वर्कशॉप. व्हीएमसी मशीन.]

मग बरा पगार मिळतो तरी कुणाला? भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये याचं उत्तर स्पष्ट दिसतं. एक ऑपरेटर मशीनमध्ये जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. त्याच्या जागी उद्या दुसरा उभा करता येतो आणि ते मालकाला पक्कं माहीत असतं. शेजारचा सेटर ड्रॉइंग वाचतो, टूल लावतो, ऑफसेट देतो, मायक्रोमीटरने माप घेऊन चूक कुठे आहे ते सांगतो. त्याने दोन दिवस सुट्टी घेतली तर मशीन बंद पडतं. दोघांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि ऑपरेटरचा सेटर होणं काही वर्षांच्या मेहनतीत शक्य आहे, पण शिकवणारा भेटला तर. म्हणून मी म्हणेन, सुरुवातीला हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालतील, पण दर सहा महिन्यांनी कंपनी बदलू नका. ड्रॉइंग वाचायला मिळेल अशी जागा धरून ठेवा. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), रोबोटिक वेल्डिंग, कारखान्यातली वायरिंग आणि मेंटेनन्स, या कामांतही हेच.

खोली कामाच्या जवळ घ्या. चाकणला काम आणि कात्रजला मावशीकडे फुकट राहणं, हा सौदा महिन्याभरात अंगावर येतो. नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी इथे कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्यावर, जागा मिळते. डिपॉझिट किती आणि परत कधी, ते लिहून घ्या.

[दृश्य : गुलटेकडी मार्केट यार्ड. पाठीवर पोती.]

पण एकट्या माणसाच्या हुशारीवर सोडून द्यावं, इतका हा प्रश्न लहान नाही. मार्केट यार्डातला हमाल बघा. शंभर किलोच्या पोत्याखाली ज्यांच्या आधीच्या पिढ्या वाकल्या, ती ही माणसं. बाबा आढावांसारख्यांनी त्यांना संघटित केलं, मोर्चे काढले, तुरुंग पाहिले. १९६९ साली माथाडी कायदा झाला. आज नोंदणीकृत हमालाची मजुरी माथाडी मंडळामार्फत येते, त्याला भविष्यनिर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे. हमाल पंचायतीने १९७४ साली सुरू केलेल्या 'कष्टाची भाकर' केंद्रांत आजही स्वस्तात पोटभर जेवण मिळतं. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्यांची पगारवाढ झाली. कुणी आपणहून दिली नव्हती.

पाठीवर पोतं वाहणाऱ्याला ग्रॅच्युइटी आहे आणि रोबोट चालवणाऱ्या डिप्लोमाधारकाला सात महिन्यांनी ब्रेक आहे. हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते मुकाट मान्य करू नये, असं वाटतं. नव्या श्रमसंहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीवर नेमलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. आता रुजू होताना नेमणूकपत्र मागा. तुमच्या आधी कुणी मागितलं नसेल, तरीही.

[दृश्य : वाकडेवाडी. एसटी स्थानक आणि परिसर.]

मराठवाड्याकडची एसटी तुम्हाला वाकडेवाडीला सोडते. तिथून जवळच कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. पीएफची कार्यालयं गोळीबार मैदानाजवळ आणि आकुर्डीत आहेत. पगार थकला, ओव्हरटाइम एकेरी दराने दिला, पीएफ भरला नाही, तर अर्ज इथे द्यायचा. पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, आयकार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स सोबत ठेवा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आणि लाइनवरच्या चौघा-पाचजणांच्या सह्या घेऊन एकत्र जा.