जामीन मंजूर होतो, माणूस आतच राहतो

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्याचा जामीन झाला की पारावर लगेच "सुटला बघा" अशी चर्चा सुरू होते. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालायचाच असतो. तोवर आरोपीला कोठडीत ठेवणे गरजेचे आहे का, हे ठरवताना न्यायाधीश गुन्ह्याचे गांभीर्य पाहतात, पूर्वीची नोंद पाहतात आणि मुख्यतः तीन गोष्टी तपासतात: हा तारखेला येईल का, साक्षीदारांना धमकावील का, पुरावा नष्ट करील का. पुन्हा सांगतो, त्याने गुन्हा केला की नाही, याचा निकाल त्या दिवशी लागत नसतो.

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करत होतो तेव्हाची गोष्ट. बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड मजूर विहिरीवरच्या मोटारीची तार चोरल्याच्या आरोपाखाली पकडला गेला. पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला, एका ऐपतदार जामीनदारासह. मंजूर होऊनही माणूस आतच राहिला, कारण त्याच्या भावकीत कोणाच्या नावावर सातबारा नव्हता. सातबारा आता मोबाईलवर मिळतो, पण ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलचे खेटे गरिबाला चुकलेले नाहीत, हे माझे जुने दुखणे आहे. मेहुण्याची थोडी कोरडवाहू जमीन होती, पण ती जामखेड तालुक्यात, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात. परजिल्ह्यातला जामीनदार चालणार नाही, असे सांगून कागद परत करण्यात आले.

दसरा उलटला, टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, आणि मजुरांची टोळी जमवणारा मुकादम पुढे आला. तो जामीन राहायला तयार होता. अट एकच, की नवरा-बायकोच्या कोयत्याने, म्हणजे दोघांच्या जोडीने, पुढचे दोन हंगाम उचल (आगाऊ रक्कम) न घेता त्याच्याच टोळीत ऊस तोडावा. बायको कागदावर अंगठा उठवायला निघालीही होती.

तिला थांबवून मी मोतीराम खटल्याचा निकाल न्यायालयापुढे ठेवला. मोतीराम या मध्य प्रदेशातील गवंड्याला दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन लावला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारला होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितले. आमच्या न्यायाधीशांनी निकाल शांतपणे वाचला आणि मेहुण्याला पुढे बोलावून विचारले, "हा पळून गेला तर?"

मेहुणा म्हणाला, "साहेब, बहीण दिलीय त्याला. जाईल कुठं?"

जामीन तिथेच स्वीकारला गेला, आणि तो मजूर पुढे कर्नाटकातल्या फडावरूनही तारखेला येत राहिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार जामीनपात्र गुन्ह्यात अटक झाल्यापासून आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी निर्धन आहे असे मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावे लागते. पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर न्यायालयाने त्याला जातमुचलक्यावर सोडावे लागते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरीही नाही. जामीन मंजूर होऊनही तुमच्या ओळखीतले कोणी जामीनदाराअभावी आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही.