दाढीवाला हेन्रिक आणि जात्यावरचं वाक्य

मंडळी, आज एका वाक्यापासून सुरुवात करतो. "दे, मी दळतो, तू विसावा घे." बोग्वाल नावाचा एक चेक माणूस आपल्या बायकोला हे म्हणाला. ती जात्यावर दळत बसायची, त्याला तिची कणव यायची, मग तो स्वतःच खुंटा धरायचा. शेजाऱ्यांनी त्यावरून त्याचं नाव ब्रुकाल पाडलं आणि गाव झालं ब्रुकालित्से. पोलिश भाषेतलं लेखी उरलेलं सर्वांत जुनं वाक्य म्हणून ते आज ओळखलं जातं. सापडलं कुठे? पोलंडमधल्या हेन्रिकुफ गावच्या ख्रिस्ती मठाच्या लॅटिन दप्तरात, जमिनींच्या नोंदींमध्ये. आपल्याकडे सातबाऱ्यावर ओवी सापडावी तसं!

या मठाचा पाया घालणारा मिकोवाय हा ज्याचा चिटणीस होता, तो सिलेसियाचा, म्हणजे आजच्या पोलंडच्या नैर्ऋत्य भागाचा, ड्यूक (राज्यकर्ता) पहिला हेन्रिक, दाढीवाला हेन्रिक, हा आजचा माझा विषय.

1138 साली पोलंडचा राज्यकर्ता, वाकड्या तोंडाचा बोलेस्वाफ वारला. त्यानं पोलंड मुलांत वाटून दिलं होतं, राजधानीचं क्राकुफ थोरल्याकडे. पुढे काय झालं ते सांगायला नको. भाऊबंदकी. थोरल्यालाच 1146 मध्ये धाकट्यांनी देशाबाहेर घालवलं. हेन्रिक हा त्या परागंदा झालेल्याचा नातू. 1201 मध्ये बापामागून सिलेसियातल्या व्रोत्सवाफच्या गादीवर बसला, आणि पुढच्याच वर्षी चुलत्यानं त्याच मुलखातलं ओपोले गिळलं.

मला हा माणूस आवडतो तो त्याच्या चिकाटीसाठी. त्यानं जंगलं तोडून गावं वसवली, जर्मन मुलखातून शेतकरी आणि कारागीर आणले, सोन्याच्या खाणींजवळच्या झ्लोतोरियाला 1211 मध्ये शहराचे हक्क दिले. गाव वसलं की शेत पिकतं, खंड येतो, आणि खंडावर फौज पोसता येते. त्याच्या सत्तेचं मूळ रणांगणापेक्षा या हिशेबात जास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याची बायको याद्विगा, बव्हेरियाच्या आंडेक्स घराण्यातली. तिच्यासाठी त्यानं त्शेब्नित्साला सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथातल्या जोगिणींचा मठ बांधला. 1209 मध्ये दोघांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं, आणि तेव्हापासून त्यानं दाढी राखली म्हणतात. ती थंडीतही अनवाणी चालायची. पायांत जोडे हवेतच अशी आज्ञा झाली, तेव्हा तिनं ते काखेत धरले! तिच्या 1353 च्या सचित्र चरित्रात ती तशीच उभी आहे, जोडे हातावर अडकवून.

1227 मध्ये गोंसावाला ड्यूकांची बैठक भरली असताना हल्ला झाला. क्राकुफचा लेशेक मारला गेला. हेन्रिक जबर जखमी झाला, पण पेरेग्रिन नावाच्या सरदारानं स्वतःचं शरीर त्याच्यावर घालून त्याला वाचवलं आणि स्वतः प्राण दिला. दोन वर्षांनी माझोव्हिया या पोलंडच्या दुसऱ्या भागाचा ड्यूक कोनराड यानं हेन्रिकला कैद केलं. तेव्हा याद्विगा स्वतः कोनराडकडे गेली आणि नवऱ्याला सोडवून आणलं. सुटकेसाठी त्याला क्राकुफवरचा हक्क सोडावा लागला. तरी 1232 मध्ये क्राकुफ त्याच्याच हाती आलं, आणि 1234 मध्ये पश्चिमेकडच्या विएल्कोपोल्स्काचा मोठा भागही. मुलाच्या डोक्यावर पोलंडचा मुकुट यावा, हे त्याचं ध्येय होतं.

1238 मध्ये तो गेला. मुलगा हेन्रिक, ज्याला लोक धार्मिक म्हणत, त्याला तीनच वर्षं मिळाली. 9 एप्रिल 1241, लेग्नित्सा. समोर मंगोल. त्याच सचित्र चरित्रात पुढचं दृश्य आहे: तटाबाहेर मंगोल स्वार, आणि भाल्याच्या टोकावर या धाकट्या हेन्रिकचं डोकं. धड ओळखायचं कसं? बायको ॲनानं डाव्या पायाच्या सहा बोटांवरून ओळखलं, अशी आठवण सांगतात.

मग त्याच्या मुलांनी पुन्हा वाटण्या केल्या. चाळीस वर्षं जोडत आणलेलं राज्य काही वर्षांत विस्कटलं. त्या गोंधळात जुन्या मालकांचे वारस हेन्रिकुफच्या मठाच्या जमिनींवर हक्क सांगू लागले. म्हणून 1270 च्या सुमारास मठाधिपती पीटर बसला लिहायला: कुठली जमीन कोणाची होती, कोणी दिली, कशी आली. ब्रुकालित्सेची पाळी आली तेव्हा गावाचं नाव कुठून पडलं, हे सांगणं भाग होतं. आणि त्यानं जात्याची गोष्ट लिहिली.