गिनी पिग खाणे थांबवतो तेव्हा

(पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या कुटुंबांसमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

प्रौढ गिनी पिगने अर्धा दिवस काहीही खाल्ले नाही, तर तो आजारी आहे असे समजावे. एक संपूर्ण दिवस खाल्ले नाही, तर त्याचा जीव धोक्यात आहे असे समजावे. आजच्या बोलण्यात मला जे सांगायचे आहे, त्याचा गाभा एवढाच आहे. कुत्रा किंवा मांजर एखादा दिवस अन्नाला तोंड लावत नाही, तेव्हा आपण ‘पोट बिघडले असेल, उद्या खाईल’ असे म्हणून वाट पाहतो आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. गिनी पिगच्या बाबतीत मात्र वाट पाहणे हाच घातक निर्णय असतो, कारण त्याचे पोट रिकामे राहण्यासाठी घडलेलेच नाही.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीचा. पेरू, बोलिव्हिया या भागांतल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले, आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. डोंगरउतारावरचे चिवट, कोरडे, पोषणमूल्य कमी असलेले गवत खाऊन जगणाऱ्या कुळातला तो असल्यामुळे त्याला दिवसरात्र थोडेथोडे खात राहावे लागते. गवतातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या अंधनालात जाऊन पडतो. हा अंधनाल पोटाची बरीचशी जागा व्यापतो आणि आतड्यांतल्या एकूण ऐवजापैकी निम्म्याहून अधिक ऐवज त्याच्यात असतो. तिथले जिवाणू त्या चोथ्याला आंबवतात, त्यातून ऊर्जा आणि काही जीवनसत्त्वे तयार होतात. ती पूर्णपणे शरीरात यावीत म्हणून गिनी पिग आपल्या काही मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन पुन्हा खातो. हे पाहून काही पालक घाबरतात, त्याला रागावतात. पण ते त्याच्या पचनाचेच एक अंग आहे आणि ते कधीही अडवू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गिनी पिगला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न किंवा साठलेला वायू बाहेर पडायला आतड्यांतून पुढे सरकण्याचाच मार्ग उरतो.

आतड्यांची हालचाल चालू राहते ती मुख्यतः चोथ्यामुळे. चोथा येणे थांबले की आतडी मंदावतात, आतला ऐवज कोरडा आणि घट्ट होऊ लागतो, जिवाणूंचा समतोल ढळून वायू तयार करणाऱ्या जाती बळावतात, पोट दुखू लागते आणि दुखणाऱ्या पोटामुळे प्राणी आणखी खाईनासा होतो. इकडे उपाशी शरीर साठवलेली चरबी वापरायला काढते, ती यकृतात साचते आणि यकृत निकामी होऊ लागते. लठ्ठ प्राण्यात आणि गाभण मादीत हे फार लवकर घडते. म्हणून एका टप्प्यानंतर मूळ कारण कोणते होते याला फारसे महत्त्व उरत नाही, उपासच त्याला मारू लागतो.

हे वेळीच कळावे कसे? गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी आहे; आजार लपवणे त्याच्या स्वभावातच आहे. शिट्टी घातली की तो अजूनही पुढे येतो, पालेभाजीची जुडी पाहून ओरडतो, तोंडात पानही धरतो आणि मग हळूच टाकून देतो. पालक समाधानाने सांगतात की खायला आला होता. पण तो खायला येतो की खातो, यात जीवन-मरणाचे अंतर आहे. त्यामुळे माझा भरवसा दोन गोष्टींवर आहे. पहिली गोष्ट लेंड्या. निरोगी गिनी पिगच्या लेंड्या भरपूर, लांबट आणि एकसारख्या आकाराच्या असतात. त्या लहान, कोरड्या, टोकदार होऊ लागल्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या किंवा सकाळी पिंजरा झाडताना कमी वाटल्या, तर खाणे आदल्या दिवशीच घटलेले असते. दुसरी गोष्ट वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक टोपली एवढे पुरते. प्रौढ गिनी पिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते. आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी वजन करून वहीत लिहावे, आजारपणात रोज करावे. आठवड्यात ५० ग्रॅम घट झाली तर लक्ष घालावे, त्याहून अधिक झाली तर दाखवायला आणावे. अंग चोरून, केस फुलवून कोपऱ्यात बसणे आणि दातांवर दात घासणे ही वेदनेची चिन्हे आहेत, आणि ती दिसू लागेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो.

आता कारणांकडे वळू. पोट थांबणे हा बहुतेक वेळा मूळ आजार नसतो, दुसऱ्या कशाचा तरी तो परिणाम असतो, हे मी आग्रहाने सांगतो. कारण नुसते पोटाचे औषध देऊन परत पाठवलेले प्राणी काही दिवसांत पुन्हा तसेच येतात. सर्वात आधी दात पाहावेत. गिनी पिगला २० दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. गवत दळताना ते झिजले नाहीत तर खालच्या दाढा आत झुकून जिभेवर येतात, जीभ अडकते आणि भूक असूनही प्राण्याला गिळता येत नाही. हनुवटी ओली राहणे, तोंड वेडेवाकडे हलवत चावणे ही त्याची लक्षणे. पुढचे दात सरळ दिसतात म्हणून दाढा बऱ्या आहेत असे मुळीच समजू नये. त्या तोंडात खूप मागे असतात आणि त्यांच्या तपासणीसाठी उपकरणे, पुष्कळदा भूलही लागते.

दुसरे कारण म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेचे आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांना केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगमध्ये स्कर्व्ही आढळला, आणि खलाशांना छळणाऱ्या त्या रोगाचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची वाट तिथून खुली झाली. ज्या प्राण्याने हे ज्ञान मिळवून दिले, तोच आज आपल्या घरात त्याच रोगाने सांधे सुजून, हिरड्या दुखून खाणे सोडतो, हे मला फार लागते. त्याला दर किलो वजनामागे रोज साधारण २० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळावे, आजारात आणि गाभणपणी त्याहून अधिक. पाण्यात मिसळलेले थेंब काही तासांत निष्प्रभ होतात आणि पेलेट्समधले, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांमधले, जीवनसत्त्वही साठवणुकीत घटत जाते. ढोबळी मिरचीचा तुकडा आणि कोथिंबीर रोज देणे हा अधिक विश्वसनीय मार्ग आहे. पेरूतही ते भरपूर असते, मात्र त्यात साखर असल्याने लहानशी फोडच द्यावी.

मूतखडा, वयस्क मादीच्या अंडाशयातील गाठी, फुप्फुसाचा संसर्ग, जोडीदाराचा मृत्यू, घर बदलणे यांपैकी कशानेही खाणे थांबू शकते. आपल्याकडे उन्हाळा हे स्वतंत्र कारण मानले पाहिजे. थंड डोंगराळ प्रदेशातून आलेल्या या प्राण्याला २७-२८ अंशांपुढचे तापमान त्रासदायक होते. नागपूर, अकोला, जळगाव इथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा बंद गॅलरीत ठेवलेला पिंजरा त्याच्या जिवावर बेतू शकतो.

आणि आहार. आपल्या घरांत प्रेमाने पोळीचा तुकडा, भात, बिस्किट, भिजवलेले हरभरे दिले जातात. पिष्टमय पदार्थ अंधनालातल्या जिवाणूंचा समतोल बिघडवतात. त्याला त्यांची गरज नाही. बाजारात आयात केलेले टिमोथी गवत महाग मिळते, म्हणून पुष्कळ जण पेलेट्सवरच भागवतात आणि दातांचे व पोटाचे दुखणे तिथूनच सुरू होते. मी सुचवतो की टिमोथी परवडत नसेल तर ओटचे वाळलेले गवत शोधावे, कीटकनाशक न मारलेली हरळी, मारवेल यांसारखी गवते सावलीत वाळवून साठवावीत आणि ती दिवसभर त्याच्यासमोर राहतील एवढी द्यावीत. बुरशीचा वास येणारे गवत मात्र पावसाळ्यात हमखास हाती येते, ते टाकून द्यावे. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो. त्यात कॅल्शियम जास्त असल्याने प्रौढांना रोज देऊ नये.

औषधांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक सभेत सांगतो. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपकारक जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने तो काही दिवसांत दगावू शकतो. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने पेनिसिलिनची निर्णायक चाचणी आठ उंदरांवर घेतली. उंदरांऐवजी गिनी पिग निवडले गेले असते, तर ते औषध विषारी ठरून बाजूला पडण्याचा संभव होता. तेव्हा घरात मुलासाठी आणलेले सिरप थोडेसे देऊन पाहण्याचा विचार मनातही आणू नये, आणि कोणतेही प्रतिजैविक लिहून मिळाले तर ‘हे गिनी पिगला चालते ना?’ असे विचारायला संकोचू नये. चांगला पशुवैद्य या प्रश्नाने कधीच दुखावणार नाही.

दवाखान्यात आणल्यावर आम्ही सर्वप्रथम पोट चाचपतो. पोट मऊ, कणकेसारखे लागले तर आतडी मंदावली आहेत. ते ताणलेले असेल आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल तर जठर वायूने फुगलेले असू शकते, क्वचित त्याला पीळही पडलेला असतो. या दोन अवस्थांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत, म्हणून एक्स-रे काढावा लागतो. पहिल्या अवस्थेत भरवणे हाच उपचार असतो, दुसऱ्या अवस्थेत भरवल्यास प्राणी दगावू शकतो. फुगलेले, घट्ट पोट दिसताच घरी काहीही भरवू नका, रात्र असली तरी निघा. उपचारांत वेदनाशामक, कातडीखाली सलाइन, ऊब आणि अडथळा नसल्याची खात्री झाल्यावर आतड्यांना चालना देणारे औषध यांचा समावेश असतो. वेदनाशामकाला मी अग्रक्रम देतो. दुखणे थांबले की निम्मे प्राणी आपणहून गवताकडे वळतात, असे म्हटले तर ते माझ्या अनुभवाच्या जवळचे आहे. माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन घरी देऊ नयेत.

यापुढचे काम तुमचे आहे आणि ते रात्रीही करावे लागते. शाकाहारी प्राण्यांसाठीची चोथायुक्त पूड मिळाली तर उत्तम, नाहीतर त्याच्या नेहमीच्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून गुळगुळीत लगदा करावा. एक मिलिलिटरची सिरिंज घेऊन तिचे टोक थोडे कापून कडा घासून गुळगुळीत कराव्यात. प्राण्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर त्याच्या नेहमीच्या बसण्याच्या स्थितीत ठेवावे. उताणा कधीही धरू नये. पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज आत सरकवून अर्धा मिलिलिटर सोडावा, तो चावू लागेपर्यंत थांबावे, गिळला की पुढचा घास. घाई केली तर लगदा फुप्फुसात जातो. एक किलोच्या प्राण्याला दिवसभरात ६० ते ८० मिलिलिटर लगदा लागतो, म्हणजे दर चार तासांनी १० ते १३ मिलिलिटर. प्रत्येक वेळी किती गेले, किती लेंड्या पडल्या, वजन किती, हे लिहून ठेवावे. डॉक्टरांना त्या वहीतून जे कळते ते रक्ततपासणीतूनही पुष्कळदा कळत नाही. सोबत गवत आणि ताजी कोथिंबीर समोर ठेवावी. तो खाऊ लागला म्हणून सिरिंज एकदम बंद करू नये, वजन सलग काही दिवस टिकेपर्यंत हळूहळू कमी करावी.

समोरून चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. एका ताईंनी विचारले आहे की बाळाला देतो तसे ओव्याचे पाणी, हिंग किंवा ताक चालेल का. ताक आणि दही देऊ नये, दूध पचवणे हे प्रौढ गिनी पिगचे काम नव्हे. ओवा आणि हिंग याने त्याला बरे वाटते असा आधार नाही, आणि त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. दुसरा प्रश्न असा की दोन गिनी पिग एकत्र असतील तर कोण खात नाही हे ओळखायचे कसे, आणि आजाऱ्याला वेगळे ठेवावे का. संसर्गाचा संशय नसेल तर पूर्ण वेगळे करू नये, एकटेपणानेही ते खाणे सोडतात. पिंजऱ्यात मधोमध जाळी लावावी, म्हणजे दोघे एकमेकांना पाहू व हुंगू शकतात आणि लेंड्या वेगवेगळ्या मोजता येतात. वजन दोघांचेही करावे. पहिल्याच्या शुश्रूषेत दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते आणि आहार तर दोघांचा एकच असतो.