मोरचुदाचा थेंब

(दृश्य: पुण्याजवळची भोसरी एमआयडीसी. फोर्जिंगची शेड. हातोडा पडतो, ठिणग्या उडतात.)

हा स्टेनलेस स्टीलचा फ्लँज आहे, म्हणजे पाइप जोडायची भोकांची चकती. पटत नाही ना? साधारण १२०० अंशांवर तापून, ठोके खाऊन बाहेर आलेला जॉब असाच दिसतो, जळक्या तव्यासारखा काळा आणि खरखरीत. या काळ्या थराला इथे सगळे स्केल म्हणतात.

स्केल खरवडलं की काम झालं असं वाटतं, पण खरी गोम त्याच्या खाली आहे. स्टेनलेसच्या या ३१६ ग्रेडमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं आणि गंज तेच अडवतं. भट्टीत स्केल धरताना हे क्रोमियम धातूच्या कातडीतूनच ओढलं जातं. म्हणजे स्केलखालचा पातळ थर क्रोमियमला मुकलेला. तोही काढावा लागतो.

"अरे, तो ब्रश एमएसचा आहे. ठेव खाली!"

मामा पोरावर ओरडतात ते उगाच नाही. एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर फिरलेला ब्रश इथे फिरला, तर लोखंडाचे कण जॉबमध्ये रुततात आणि पहिल्या पावसाळ्यात तिथेच तांबूस डाग उमटतात. म्हणून एसएसच्या, म्हणजे स्टेनलेसच्या ब्रशांच्या मुठी निळ्या रंगवल्यात. स्केल उडवायला जोरात मारतात ते शॉट ब्लास्टिंगचे छर्रेसुद्धा स्टेनलेसचेच.

(दृश्य: ॲसिडची टाकी. तपकिरी धूर.)

मग पिकलिंग, म्हणजे उरलेलं स्केल आणि खालचा तो थर ॲसिडने काढणं. नायट्रिक आणि थोडं हायड्रोफ्लोरिक. या दुसऱ्याची भीती बाळगायलाच हवी. पातळ असेल तर अंगावर पडल्याचं लगेच कळतही नाही, काही तासांनी ठणका लागतो, तोवर ते आत हाडाकडे निघालेलं असतं. टाकीशेजारच्या खिळ्याला लटकलेली कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब त्यासाठीच.

धुतलेला फ्लँज राखाडी आणि मंद दिसतो. गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते, पण गंजाशी चकाकीचा थेट संबंध नाही. बफिंग करून आरसा केलेला जॉबही आत लोखंड रुतलं असेल तर गंजतो. राखण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा, जेमतेम काही नॅनोमीटरचा. बोअर, म्हणजे मधलं भोक, मशीनवर कातून झाल्यावर तो पापुद्रा नीट धरावा म्हणून शेवटी नुसत्या नायट्रिकची आंघोळ. काही ठिकाणी सायट्रिकची, म्हणजे लिंबातल्याच ॲसिडची.

(दृश्य: तपासणीचं टेबल. निळा थेंब.)

आता परीक्षा मोरचुदाची. हो, शेतात फवारतात तोच, म्हणजे कॉपर सल्फेट. २५० मिलीलिटर पाण्यात ४ ग्रॅम मोरचूद आणि किंचित गंधकाम्ल. ६ मिनिटं पृष्ठभाग ओला ठेवायचा. मोकळं लोखंड असेल तिथे तांबं बसतं.

चौथं मिनिट. बोल्टच्या भोकाशी मोहरीएवढा गुलाबी ठिपका.

मामा वर बघतात. टाकीतून टेबलापर्यंत जॉब ज्या साखळीने आणला, ती लोखंडी साखळी अजून हुकावर झुलतेय.

पोरगा न सांगता नायलॉनचा पट्टा आणायला जातो.