क्सेरॉस: कोरडी जमीन आणि वाळलेला हात

मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कथेच्या, तिसऱ्या अध्यायात, शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे यहुद्यांना काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात एक माणूस आहे. त्याचा हात वाळलेला आहे. येशू त्याला आज बरं करतो का, यावर काही लोक डोळा ठेवून आहेत. मला त्या हाताबद्दल बोलायचं आहे, कारण त्याला लावलेलं ‘क्सेरॉस’ हे ग्रीक विशेषण पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, फार लांबून चालत आलेलं आहे. मराठीत वाचताना ही वाट दिसत नाही. आपण जमिनीला कोरडी म्हणतो, हाताला वाळलेला, अस्थींना शुष्क. ग्रीकमध्ये तिन्हीकडे शब्द एकच. आपण गल्लीबोळात ‘झेरॉक्स’ काढतो, त्यातही तोच आहे. ओल्या शाईऐवजी कोरड्या भुकटीने प्रत निघते म्हणून ते नाव पडलं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, ग्रीकमध्ये आली. त्या भाषांतरात, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, पाणी एका जागी गोळा होतं आणि वर येते ती ‘क्सेरा’, म्हणजे कोरडी. देव तिला भूमी म्हणतो आणि चांगलं आहे असं पाहतो. गवत, धान्य, फळझाडं नंतर तिच्यातूनच उगवतात. निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात इस्राएल लोक समुद्रातून पार होतात तेही ‘क्सेरा’वरूनच. म्हणजे या शब्दाचा शास्त्रातला पहिला अर्थ शाप हा नव्हे. पाय ठेवायला जागा, हा आहे.

हाच शब्द सजीवाला लागला की मात्र घशाला कोरड पडते. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सदतिसाव्या अध्यायात खोरंभर अस्थी पसरलेल्या आहेत, अगदी शुष्क. पाडावपणातले, म्हणजे परक्या देशात बंदिवान असलेले, लोक स्वतःबद्दल तेच बोलतात: आमच्या अस्थी सुकल्या, आमची आशा संपली.

आता पुन्हा त्या हाताकडे येऊ. मार्क प्रथम जे रूप वापरतो ते क्रियापदापासून आलेलं आहे: ‘वाळून गेलेला’. एकेकाळी त्या हातात जोर होता, नंतर तो गेला, असं त्यातून सूचित होतं. लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो की हात उजवा होता. आणि बायबलचा अभ्यासक जेरोम, चौथ्या शतकाच्या अखेरीस मत्तयाच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिताना, नासोरी मंडळी (येशूला मानणारा एक यहुदी पंथ) वाचत असलेल्या एका शुभवर्तमानातला तपशील देतो: हा माणूस गवंडी होता, हातांवर पोट भरणारा, आणि भीक मागण्याची लाज वाट्याला येऊ नये म्हणून बरं कर असं तो येशूला विनवतो. हा तपशील आपल्या चार शुभवर्तमानांत नाही, तरी मला तो फार मोलाचा वाटतो. गवंड्याचा उजवा हात वाळला की घरातली चूलच थंडावते.

अनेक प्रवचनांत वाळणं म्हणजे देवाचा कोप, असं सरळ समीकरण मांडलं जातं. त्याला आधार नाही असं नाही. 1 राजे, अध्याय तेरा. यराबाम राजा वेदीपाशी उभा आहे, देवाचा माणूस, म्हणजे एक संदेष्टा, त्या वेदीविरुद्ध बोलतो, आणि ‘धरा त्याला’ म्हणून राजा हात लांब करतो. तो हात तिथेच वाळतो. ग्रीक भाषांतरात क्रियापद याच कुळातलं आहे. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. यराबाम हात लांब करतो आणि तो वाळतो. सभास्थानातल्या माणसाचा हात वाळलेला आहे आणि तो लांब केला की बरा होतो. ‘लांब केला’ यासाठी दोन्हीकडे तेच ग्रीक क्रियापद आहे. मार्कच्या मनात राजाची गोष्ट होती की नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या माणसाच्या पापाबद्दल तिथे एक अक्षरही नाही. येशू त्याला मध्ये उभं करतो, आणि त्याचा राग वळतो तो गप्प बसलेल्यांकडे, त्यांच्या कठीण झालेल्या मनांकडे.

शापाची बाजू मी लपवत नाही. येशूने शापलेलं अंजिराचं झाड मुळापासून वाळतं. योहानाच्या पंधराव्या अध्यायात वेलाबाहेर टाकलेला फाटा वाळतो. पण मार्कच्याच पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी स्त्री येशूच्या वस्त्राला शिवते, आणि तिच्या रक्ताचा झरा ‘वाळतो’. तिथे वाळणं हेच बरं होणं आहे.

वाळणं म्हणजे कोपच असं नाही, या माझ्या म्हणण्याच्या आड एक प्रसंग येतो, तोही घेतला पाहिजे. योहानाच्या पाचव्या अध्यायात यरुशलेममधल्या तळ्याकाठी, पाच पडव्यांत, रोगी पडून आहेत: आंधळे, लंगडे आणि ‘क्सेरोई’. वाळलेली माणसं, पाण्याच्या काठावर. त्यांच्यातल्या अडतीस वर्षं आजारी असलेल्या एकाला येशू पुढे मंदिरात म्हणतो, पुन्हा पाप करू नकोस. मग आजार पापाचा होता का? योहान ते सांगत नाही, आणि नवव्या अध्यायात जन्मांधाबद्दल तर असा संबंध येशू स्वतः नाकारतो. पाचव्या अध्यायातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी ‘बरं व्हायचं आहे का?’ हा प्रश्न, मग ‘ऊठ’, आणि पापाचं बोलणं नंतर, तो स्वतःच्या पायांवर चालू लागल्यावर.